टर्बो पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पडलं: बिघाड गाडीत आहे की हिशेबात, कसं ओळखायचं

पोलो जीटी टीएसआय, आय२० एन लाइन, स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं १.५ टीएसआय अशा जोरकस टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "कंपनी अठरा-वीस सांगते, मला दहाच मिळतं." यातल्या बऱ्याच गाड्यांत काहीच बिघडलेलं नसतं. उरलेल्यांत बिघाड असतो, पण मालक भलत्याच टोकापासून सुरुवात करतो. आधी इंजेक्टर क्लीनिंग, मग प्लग, मग 'डीकार्बनायझिंग' (इंजिनातली काजळी साफ करणं). आणि सात-आठ हजार गेल्यावर कळतं की मागचा एक ब्रेक चिकटत होता.

म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे लावला आहे. तो मोडू नका.

लक्षणं आधी नीट लिहून काढा

"ॲव्हरेज कमी झालं" एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते कसं कमी झालं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

- शहरात कमी, हायवेला पूर्वीसारखंच: बहुतेक वेळा गाडी ठीक आहे.
- शहरात आणि हायवेलाही कमी, पण पिकअप पूर्वीसारखा: टायर, ब्रेक, अलाइनमेंट, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप).
- ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही पडले: प्लग, कॉइल, टर्बोच्या पाइपातली गळती, सेन्सर.
- एका टाकीत अचानक पडलं: मोजण्यातली चूक, वेगळं पेट्रोल किंवा ब्रेक जाम.
- सहा-आठ महिन्यांत हळूहळू उतरलं: हवा, प्लग, ऑइल किंवा बदललेला रोजचा रस्ता.
- जोडीला पेट्रोलचा वास, काळा धूर, झटके, पेटलेला चेक इंजिनचा दिवा: मधल्या पायऱ्या सोडा, शेवटच्या भागाकडे जा.

कंपनीचा आकडा कुठून येतो

पुण्यातल्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा आकडा रस्त्यावरचा नसतो. गाडी रोलरवर उभी करून ठरावीक चक्राने चालवतात. ते चक्र साधारण वीस मिनिटांचं असतं, त्यात कमाल वेग ताशी ९० किमी, एसी बंद आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंपाला) फारसं काम नाही. सौम्य चालवलेली लहान टर्बो मोटार त्यात हुशार विद्यार्थ्यासारखी चमकते, कारण कमी भारावर ती खरोखरच एक लिटरचं किंवा दीड लिटरचं इंजिन असते. उजवा पाय दाबला की तिला दोन लिटरच्या इंजिनाचं काम करावं लागतं आणि पेट्रोलही त्या हिशेबाने जातं. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो जास्तीत जास्त हवा दाबत असताना, एक्झॉस्ट फार तापू नये म्हणून अनेक इंजिनं पेट्रोल-हवेचं मिश्रण मुद्दाम घट्ट करतात. म्हणजे ताकदीसाठी लागतं त्याहून जास्त पेट्रोल निव्वळ थंडाव्यासाठी जातं.

पुणे-मुंबईच्या गर्दीत १.५ लिटर टर्बो ऑटोमॅटिकला ९ ते ११ आणि १.० लिटरला १० ते १२ मिळत असेल, तर तो बिघाड नव्हे. हायवेला शंभरच्या आसपास राहून १६ ते १८ मिळत असेल तर उत्तमच.

पहिली तपासणी: मोजमाप (खर्च शून्य)

मीटरमधला ॲव्हरेजचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे होते यावरून काढलेला अंदाज असतो. तो खऱ्यापेक्षा पाच-सात टक्क्यांनी गोड असणं नेहमीचं. तुलना करायची तर टाकी-ते-टाकी करा. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, सकाळची वेळ. पहिल्या ऑटो कटला थांबायचं, पंपवाल्याला 'राउंड फिगर' करू द्यायचं नाही. ट्रिप शून्य करा, टाकी पाव उरेपर्यंत चालवा, पुन्हा तसंच भरा. ४१२ किमी आणि ३४.६ लिटर म्हणजे ११.९.

सलग तीन टाक्या मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एका भरण्यात दोन लिटर कमीजास्त झाले, तरी ३५ लिटरवर जवळपास सहा टक्क्यांची चूक होते. पाच-दहा लिटर भरून काढलेलं ॲव्हरेज म्हणजे नुसता अंदाज.

मापाचीच शंका असेल, तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढचा नाही. मात्र पंपाची चोरी हे ॲव्हरेज पडण्याचं जितकं लोकप्रिय कारण आहे, तितकं ते खरं ठरत नाही.

टायर बदलले असतील तर इथेच थांबून हिशेब करा. आय२० एन लाइनला मूळचे १९५/५५ आर१६ टायर असतात. 'भारी दिसतात' म्हणून २०५/५५ आर१६ घातले, तर चाकाचा घेर सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो आणि ओडोमीटर तितकंच कमी अंतर दाखवतं. १४ चं १३.७५ झालं ते निव्वळ कागदावर. रुंद टायरचा रबर जास्त घासतो, तो तोटा वेगळा.

दुसरी: सरासरी वेग बघा (हीसुद्धा फुकट)

ज्या ट्रिपचं ॲव्हरेज बघता, त्याच ट्रिपचा सरासरी वेग मीटरमध्ये दिसतो. तिथे १५-१६ किमी दिसत असेल तर गाडी निम्मा वेळ उभी आहे.

हिशेब करून पाहा. रोज २० किमी, चालत्या गाडीचं ॲव्हरेज १४ धरलं तर १.४३ लिटर. सिग्नलला आणि कोंडीत रोज अर्धा तास एसी लावून उभं राहिलात, तर ताशी ०.९ लिटरने आणखी ०.४५ लिटर. एकूण १.८८. ॲव्हरेज १०.६ वर आलं आणि गाडीत एक स्क्रूही ढिला नाही. ऑफिस बदललं, मेट्रोच्या कामाने रस्ता अरुंद झाला, मुलांची शाळा वाटेत आली, की ॲव्हरेज पडतं आणि गॅरेजवाल्याची दिवाळी होते.

तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचंही असंच. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि ते गरम होईपर्यंत घर आलेलं असतं. तीन कामं एका फेरीत उरकली की फरक पुढच्याच टाकीत दिसतो.

तिसरी: ऐंशीची चाचणी

सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. गाडी दोषी की रस्ता, याचा निकाल इथे लागतो.

हवा बरोबर भरा, इंजिन पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. सपाट, मोकळा चौपदरी रस्ता निवडा. पहाटेचा पुणे-सोलापूर रस्ता चांगला, घाटाचा कुठलाही तुकडा बाद. ट्रिप शून्य करा, सर्वांत वरचा गिअर, क्रूझ कंट्रोल ८० वर, एसी २४ वर, काचा बंद. २० किमी जा आणि त्याच रस्त्याने २० किमी परत या. जाणं-येणं दोन्ही हवंच, नाहीतर वारा आणि डोळ्यांना न दिसणारा चढ फसवतो.

मीटर कंपनीच्या आकड्याच्या जवळपास किंवा त्याहून वर गेला, तर इंजिन, ब्रेक, टायर सगळं ठीक. पुढचं वाचायची गरज नाही, पाय आणि ट्रॅफिक यांच्याशी बोला. १४-१५ वर अडकला, तर बिघाड आहे.

१.५ टीएसआयला आणखी एक सोय आहे. हलक्या भारावर हे इंजिन दोन सिलिंडर बंद करतं आणि मीटर तसं दाखवतो. गरम इंजिनावर, सपाट रस्त्याला ८० च्या स्थिर वेगात ते दोन-सिलिंडरचं चिन्ह क्वचितच येत असेल, तर गाडीला काहीतरी ओढून धरतंय.

याच वेळी ११० वर तीच फेरी मारून पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास १.९ पट, समृद्धीवर १२० ला सव्वादोन पट. समृद्धीवरून आल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणणाऱ्याला आधी कितीने आलात ते विचारावं.

घाटाचाही हिशेब आहे. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण होते. माणसांसकट तेराशे किलोची गाडी एवढी वर न्यायला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जादा लागतं. त्यामुळे मुंबईहून पुण्याला येताना ॲव्हरेज कमीच दिसणार, जाताना जास्त. दोन्हींची सरासरी धरा. आणि उतारावर न्यूट्रल टाकू नका. गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिनाचा ब्रेक जातो आणि बोरघाटात सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.

चौथी: हवा, टायर, वजन

दाराच्या खांबावरच्या किंवा टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर आकडा असतो. तो गार टायरचा आहे. दहा किमी चालवून पंपावर गेलात तर हवा तीन-चार पीएसआय जास्तच दिसते आणि पोरगा ती काढून टाकतो. मग गाडी रोज कमी हवेवर पळते. चार-पाचशेचा गेज घ्या आणि सकाळी घरीच तपासा. एक पीएसआय कमी असणं म्हणजे साधारण ०.२ टक्के पेट्रोल. दोन-तीन पीएसआयने ॲव्हरेज कोसळत नाही, पण आठ-दहा कमी असले तर ते जाणवतं आणि टायरही कडेने झिजतो. स्टिकरपेक्षा जास्त भरून ॲव्हरेज ओढायच्या फंदात पडू नका, पावसात पकड जाते.

तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय. पावसाळ्यातले खड्डे झाल्यावर हे हमखास सापडतं. अलाइनमेंट करा आणि आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या.

डिकीतलं न लागणारं सामान काढा. शहरात ५० किलोने एक-दोन टक्के जातात. छतावरचा कॅरियर हायवेला त्याहून जास्त खातो.

पाचवी: ब्रेक चिकटतोय का

ऐंशीच्या चाचणीत नापास झालेल्या आणि पिकअप ठीक असलेल्या गाडीत सर्वांत आधी हे बघा. पावसाळ्यानंतर किंवा गाडी पंधरा दिवस उभी राहिल्यावर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजतात किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही. गाडी चालते, आवाजही येत नाही, पण पॅड सतत डिस्कला घासत राहतो.

दहा किमी चालवा, शेवटचा किलोमीटर जोरात ब्रेक न लावता गाडी हळूहळू थांबू द्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चारही चाकांच्या डिस्कचं (मागे ड्रम असतील तर ड्रमचं) तापमान घ्या. पुढच्या दोघांत किंवा मागच्या दोघांत तीस-चाळीस अंशांचा फरक आला की चोर सापडला. थर्मामीटर नसेल तर हात डिस्कला लावू नका, भाजेल. रिमजवळ हात धरून कुठल्या चाकाची धग जास्त आहे ते कळतं. जळका वास आणि एकाच रिमवर जादा काळी पूड याही खुणा. सपाट जागी हँडब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये एका माणसाने ढकलल्यावर गाडी सहज हलायला हवी.

पिना साफ करून ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस लावणं हे गॅरेजवाल्याचं तासाभराचं काम आहे. साधं पिवळं ग्रीस लावू देऊ नका. त्याने रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. पिस्टनच आत जात नसेल तर कॅलिपर दुरुस्तीचं काम आहे, ते घरी करू नका.

सहावी: पेट्रोल आणि ई२०

हल्ली प्रत्येक खापर ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं, म्हणून आकडेच बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये साधारण साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी, ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. म्हणजे १४ चं १३.५ होणं ई२० च्या माथी मारा. १४ चं ११ झालं असेल तर उरलेले अडीच दुसरीकडे शोधा.

महाग ९५ किंवा ९७ ऑक्टेनचं पेट्रोल घेऊन ऊर्जा वाढत नाही. उन्हाळ्यात, घाटात, भरल्या गाडीत नॉक (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) टाळायला इंजिन ठिणगी मागे ढकलत असेल, तिथेच त्याचा उपयोग. टाकीच्या झाकणावर कमीत कमी किती ऑक्टेन लिहिलंय ते बघा. तेवढं मिळत असेल तर पुढचे पैसे वाचवा.

सातवी: ओबीडी डोंगल आणि दोन आकडे

इंजिनाच्या संगणकातले आकडे वाचणारं हजार-दीड हजाराचं ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावा आणि मोबाइलवर फक्त दोन गोष्टी बघा.

पहिली, कूलंटचं तापमान. वीस मिनिटांनी ते ८५-९० च्या वर स्थिर हवं. हायवेला वाऱ्याने ७० पर्यंत उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन कायम गार समजून जादा पेट्रोल मारतं. मीटरच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो ७५ पासून १०५ पर्यंत मुद्दाम एकाच जागी ठेवलेला असतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट वॉटर पंपाच्या हाउसिंगमध्येच असतो, त्यामुळे 'छोटासा पार्ट' महाग पडतो. निदान पक्कं झाल्याशिवाय बदलू नका.

दुसरी, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. म्हणजे इंजिन ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतंय किंवा कमी करतंय. उणे पाच ते अधिक पाच ठीक. ई१० साठी ट्यून केलेल्या जुन्या गाडीत ई२० भरल्यावर हा आकडा तेवढ्यानेच चार-पाचने वर जातो, घाबरू नका. सतत अधिक १२-१५ असेल तर कुठेतरी मोजणीबाहेरची हवा शिरतेय, हवेचा सेन्सर मळलाय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. उणे दहाच्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिलाय किंवा ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय.

शेवटचं डिपस्टिकवर कळतं. लेव्हल खुणेच्या वर गेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदला. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत हे होतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच. 'स्पोर्टी गाडी आहे, जाड ऑइल टाकू' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आठवी: प्लग, फिल्टर, पाइप

एअर फिल्टर मळल्याने ॲव्हरेज पडतं, ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली गोष्ट. आताचं इंजिन हवा मोजून पेट्रोल देतं. चोंदलेल्या फिल्टरने आधी पिकअप जातो. वेळेवर बदला, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. उघडा कोन फिल्टर तर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि नुसता आवाज वाढवतो.

प्लगचं मात्र तसं नाही. टर्बोत दाब जास्त, म्हणून झिजलेल्या फटीतून ठिणगी उडी मारू शकत नाही. चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर गाडी मिसिंग मारते ती यामुळे. मॅन्युअलच्या किलोमीटरनुसार, त्याच नंबरचे प्लग टाका. गार इंजिनावर, टॉर्क पान्याने. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की हजाराचं काम पन्नास हजारांवर जातं.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) रबरी पाइप आणि क्लॅम्प टॉर्च मारून बघा. पाय दाबल्यावर पूर्वी नसलेली 'फुस्स' ऐकू येणं, सांध्याशी ऑइलचा ओला डाग आणि पिकअप मंद, ही गळतीची त्रिसूत्री. ढिला क्लॅम्प घट्ट करता येतो, चिरलेला पाइप बदलावाच लागतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट साऱ्या दुरुस्तीहून महाग आहे. कोड पी०३०० ते पी०३०४ आला तर मिसफायर आहे, कॉइलची अदलाबदल करून तपासायचं काम फिटरवर सोडा.

पेट्रोलचा वास बॉनेटखालून येत असेल तर गाडी चालवतही नेऊ नका, टोइंगच्या गाडीने न्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या नळीत दीडशे ते साडेतीनशे बार दाब असतो. ती घरी उघडायची नाही, 'नुसता इंजेक्टर काढून बघतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या फिटरलाही नाही. टर्बोचं वेस्टगेट, ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं ॲडॅप्टेशन, व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन, गळती शोधायची स्मोक टेस्ट ही सगळी यंत्रं आणि अनुभव असलेल्या माणसाची कामं. कोड नाही, ट्रिम ठीक, पिकअप ठीक, तरीही कोणी डीकार्बनायझिंग सुचवत असेल तर आधी कॅमेऱ्याने व्हॉल्व्ह दाखवायला सांगा.

गाडी देताना "ॲव्हरेज देत नाही" असं जॉबकार्डवर लिहू देऊ नका, "ट्रॅफिकमुळे" असं उत्तर तयारच असतं. तीन टाक्यांचे आकडे, ऐंशीच्या फेरीचा आकडा, कूलंटचं तापमान आणि ट्रिम एका कागदावर द्या. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच हवेवर ऐंशीची फेरी पुन्हा मारा. मात्र बॅटरी काढली किंवा कोड पुसले असतील तर इंजिन ट्रिम नव्याने शिकतं, म्हणून पहिले दीड-दोनशे किमी सोडून मग मोजा.